चढ बघा, मग गाडी बघा

मागच्या अंकात सहज दोन ओळी टाकल्या होत्या, की साताऱ्याच्या पेठांतनं म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि मंडईतल्या पिशव्या हलवायला गोल्फ कार्टसारखी छोटी बॅटरीची गाडी बरी पडेल का. त्यावर एवढी पत्रं आली की संपादक म्हणाले आता पूर्ण सदरच याच्यावर घ्या. काही पत्रं कापून छोटी केलीत, रागावू नका. मी मूळचा मोटर रिवाइंडिंगवाला, त्यामुळं माझं डोकं आधी मोटरीकडं जातंय आणि मग कायद्याकडं, तेवढं सांभाळून घ्या.

प्रश्न: काका, आम्ही चिमणपुऱ्यातले, सकाळी फिरायला जाणारा आमचा ग्रुप आहे, सगळे साठीच्या पुढचे. मध्ये गोव्याला गेलो होतो, रिसॉर्टवाल्यांनी गोल्फ कार्टमधनं फिरवलं, आवाज नाही, धूर नाही, पायरी खाली असल्यामुळं गुडघ्याला त्रास नाही. वर्गणी काढून सहा सीटची एक घ्यायची आणि समर्थ मंदिर, राजवाडा, मंडई अशी फिरवायची असं डोक्यात आहे. विकणारा म्हणतो पासिंग लागत नाही, लायसन लागत नाही. खरं का?

विकणारा अर्धं खरं बोलतोय आणि ते अर्धं तुमच्या कामाचं नाही. मोटर वाहन कायद्यात जी गाडी फक्त कारखान्यात नाहीतर बंदिस्त आवारात वापरायला बनवलेली असते ती ‘मोटर वाहन’ या व्याख्येतनंच बाहेर आहे, म्हणून रिसॉर्ट, विमानतळ, कॉलेजचं आवार इथं ती बिनधास्त नंबर प्लेटशिवाय फिरते. पण आवाराचं गेट ओलांडून राजपथावर आली की ती सूट संपली. रस्त्यावर चालवायची तर त्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडनं मान्यता पाहिजे, मग आरटीओचं पासिंग, इन्शुरन्स आणि चालवणाऱ्याला लायसन. बाजारातल्या बऱ्याचशा गोल्फ कार्टला ही रस्त्याची मान्यता नसतेच. त्यामुळं विकणाऱ्याला एकच विचारा, ‘एमएच ११ ची प्लेट लावून देतो का?’ आणि गप्प बसा, पुढचं तो काय बोलतोय त्यावरनं कळेल. उद्या कुणाला धक्का लागला तर इन्शुरन्स नाही, आणि वर्गणी काढलेले सगळेच अडकणार.

आता कायदा बाजूला ठेवा. माझी खरी हरकत चढाची आहे. गोल्फचं मैदान आणि साताऱ्याची पेठ यात लय फरक आहे हो. अजिंक्यताऱ्याच्या पोटाला गाव वसलंय, खालच्या रस्त्यावरनं वर सरकायचं म्हटलं की बोळाबोळात चढ, त्यात गतिरोधक, त्यात कुणाची तरी बुलेट आडवी. पुष्कळशा गोल्फ कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो. मैदानातल्या हिरवळीवर चालून जातं, सहा माणसं भरून पावसाळ्यात उतारावर कोण धरणार? परत बाजूला दार नाही, झपकन वळण घेतलं की कडेचा माणूस बाहेर. अमेरिकेत कार्टमधनं पडून लागल्याच्या तक्रारी जुन्याच आहेत.

मोटरीचा हिशोब सांगतो, कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर जा. गाडी आणि माणसं मिळून ७०० किलो धरा. सपाटीला ताशी २० च्या वेगानं जायला चाकावर साधारण पाऊण किलोवॅट लागतं. बारा फूट पुढं गेल्यावर एक फूट वर जाणारा चढ घेतला तर वेग निम्मा करून, म्हणजे १० नं गेलं तरी जवळजवळ दोन किलोवॅट लागतंय, आणि तोच चढ २० च्या वेगानं काढायचा हट्ट धरला तर जवळजवळ चार, म्हणजे सपाटीच्या पाचपटीहून जास्त. बॅटरीचं बोलायचं तर ७०० किलो वजन १०० मीटर वर चढवायला गळती धरून साधारण पाव युनिट जातं. पाण्याच्या, म्हणजे लेड-ॲसिडच्या, चार बॅटऱ्यांचा ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरचा संच कागदावर ४.८ युनिटचा, पण बॅटरी टिकवायची असेल तर निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे हातात आले २.४. एवढी चढण दिवसात दहादा केली की अर्धी बॅटरी नुसती चढण्यातच संपली, सपाटीला चालायला काय उरलं? पत्रकातलं ‘एका चार्जमध्ये ८० किलोमीटर’ हे सपाट गावाचं असतंय. माझी आई असताना एकदा तिला दवाखान्यातनं बॅटरी रिक्षानं आणत होतो, संध्याकाळची वेळ, बॅटरी दमलेली, आणि चढाच्या बरोबर मध्यावर गाडी थांबली ती थांबलीच. मी आणि ड्रायव्हर मागनं ढकलतोय आणि आई आत बसून आम्हालाच म्हणतेय, ‘दमलासा का रं?’

म्हणून तुमच्या ग्रुपला माझा सल्ला, कार्ट नको, ई-रिक्षा बघा, पण ती पण विकत घेऊ नका. कायद्यात ई-रिक्षा म्हणजे भाड्यानं चालणारी, तीन चाकी, जास्तीत जास्त ४००० वॅटची, वेग ताशी २५ पर्यंत, ड्रायव्हर सोडून चार माणसं आणि ४० किलो सामान. ती खाजगी हौसेसाठी नाहीच, आणि चालवणाऱ्याला दहा दिवसांचं ट्रेनिंग आणि लायसन लागतं. त्यापेक्षा आसपासचा एखादा ई-रिक्षावाला गाठा, सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात असा महिन्याचा ठराव करा, आठ-दहा घरांनी मिळून. त्याला बांधलेलं गिऱ्हाईक, तुम्हाला बॅटरीची, ड्रायव्हरची कटकट नाही. फक्त ठरवायच्या आधी चार माणसं बसवून तुमच्या बोळातला सगळ्यात वाईट चढ एकदा काढून बघा, आणि तो पण संध्याकाळी, बॅटरी उतरलेली असताना. सकाळी फुल चार्जवर सगळ्याच गाड्या वाघ असतात.

प्रश्न: मुलगी पंधरा वर्षांची, शाहूपुरीतनं पोवई नाक्याला क्लासला जाते. दुकानदार म्हणतो २५० वॅटची स्कूटर घ्या, लायसन नको, नंबर नको. घेऊ का?

नियम खरा आहे दादा. मोटर सलग अर्धा तास देऊ शकते ती ताकद २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ च्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल तर ती मोटर वाहन धरत नाहीत. पण तीच बारा फुटाला एक फूट चढण घ्या, स्कूटर आणि मुलगी मिळून ११० किलो धरा, आणि २५० वॅटमधले चाकापर्यंत २०० पोचले असं समजा, वेग निघतो ताशी ७ च्या आतबाहेर. चालणारा माणूस ५ नं जातो. मोटर थोडा वेळ जास्त ताकद देते म्हणून प्रत्यक्षात जरा बरं जाईल, पण लय नाही.

मग दुकानदार काय करतो, कंट्रोलरची एक वायर काढून देतो, ‘लॉक खोलून देतो’ म्हणतात त्याला, आणि गाडी ४०-४५ नं पळायला लागते. पोरं खूश. पण त्या क्षणाला ती कायद्यानं मोटर वाहन झाली आणि तुमची मुलगी लायसन नसलेली अल्पवयीन ड्रायव्हर. २०१९ ला कायदा बदललाय, अशात पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. शिवाय ब्रेक आणि टायर तर २५ च्या हिशोबाचेच राहिले की. घ्यायचीच असेल तर लॉक न खोललेली घ्या, हेल्मेट द्या, आणि पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे खालच्या भुयारी रस्त्यात, घालायची नाही हे बजावून सांगा, वरनं बाजूबाजूनं जायचं. नाहीतर सरळ गिअरची सायकल घेऊन द्या, माझं मत विचाराल तर हीच.

प्रश्न: आमच्या वॉर्डात नगरपालिकेपुढं प्रस्ताव द्यायचाय. अमेरिकेत एका गावात सगळे गोल्फ कार्टनंच फिरतात असा व्हिडिओ बघितला. तसं साताऱ्यात करायला काय लागेल, गाड्या किती, खर्च किती?

गाड्या किती हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, आपल्याकडं मात्र सगळे तिथनंच सुरू करतात, कारण गाडीचं उद्घाटन करता येतं, हार घालता येतो, फोटो येतो. वेग कमी केलेल्या रस्त्याला कोण हार घालणार?

तुम्ही बघितलं ते गाव बहुतेक जॉर्जिया राज्यातलं पीचट्री सिटी असणार, अटलांटाजवळ. १९५९ साली नव्यानं आखून वसवलेलं गाव. तिथं कार्ट, सायकल आणि चालणारे यांच्यासाठी मोटारींच्या रस्त्यापासनं वेगळ्या वाटा आहेत, साधारण १०० मैल म्हणजे १६० किलोमीटर. मोठा रस्ता आडवा आला की वरनं पूल नाहीतर खालनं बोगदा. तिथल्या हायस्कूलला पोरांच्या कार्टसाठी वेगळं पार्किंग आहे. लोकांना वाटतंय तिकडं कार्ट चालतात कारण कार्ट चांगल्या आहेत. तसं नाही, आधी वाट झाली, मग कार्ट आल्या.

अमेरिकेचं दुसरं उदाहरण आपल्याला जास्त कामाचं आहे. १९९८ मध्ये तिथल्या केंद्र सरकारनं ‘लो-स्पीड व्हेइकल’ असा वेगळा वर्ग केला, ताशी २० ते २५ मैल म्हणजे ३२ ते ४० किलोमीटर पळणारी चार चाकी. तिला दिवे, इंडिकेटर, आरसे, काच, सीटबेल्ट, पार्किंग ब्रेक सक्तीचे. आणि बहुतेक राज्यांनी सांगितलं की ही गाडी ताशी ३५ मैलांपर्यंतची मर्यादा असलेल्या रस्त्यांवरच चालेल. म्हणजे गाडीला नुसतं पास करून सोडलं नाही, ती कुठल्या रस्त्यावर चालायची ते पण ठरवून टाकलं. मागनं ५० नं येणारी एसटी आणि पुढं १५ नं चढणारी कार्ट, ही जोडी एका रस्त्यावर नकोच.

साताऱ्यात आपण १६० किलोमीटर वेगळी वाट कुठनं काढणार, घरं उठवायची का? पण आपल्या पेठांतले रस्ते मुळातच सावकाश आहेत, हे आपलं बलस्थान आहे असं मी म्हणतो. मोती चौक, सदाशिव पेठ, तिकडं गर्दीच्या वेळी गाडी २० च्या वर जातेच कुठं? तर ती जी आपोआप कमी आहे ती कागदावर कमी करा. मोटर वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली वेगमर्यादा ठरवता येते, ११५ खाली एखाद्या रस्त्यावर ठराविक गाड्यांना ठराविक वेळी बंदी घालता येते, ११७ खाली थांबे आणि पार्किंगच्या जागा नेमता येतात. हे अधिकार शासनानं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं असतात, नगरपालिकेनं एकटीनं ठराव करून भागत नाही, म्हणून प्रस्तावाची एक प्रत वाहतूक पोलिसांना आणि आरटीओला आत्ताच द्या, नंतर ‘आम्हाला विचारलंच नाही’ हे ऐकायला लागू नये.

प्रस्तावात काय लिहाल ते सांगतो. एकच फेरी धरा, पहिल्या वर्षी दुसरी नको. राजवाडा ते पोवई नाका हा मुख्य पट्टा आणि त्याला जोडून वरच्या पेठांतले तीन-चार बोळ. रविवार सोडून एक दिवस दोन माणसांना मोबाईल देऊन सगळ्या बोळांची उंची आणि रुंदी मोजून आणा, कुठं चढ बारा फुटाला एक फुटापेक्षा जास्त आहे तिथं लाल खूण. तिथं गाडी घालायची नाही, तिथल्या माणसाला खालच्या टोकाला थांबा द्यायचा, आणि त्या थांब्यावर बसायला कट्टा पाहिजे, सावली पाहिजे. म्हाताऱ्या माणसाला दहा मिनिटं उभं करून ठेवणारी सेवा कुणी वापरत नाही. गतिरोधकाचा उंचवटा खाली पोट असलेल्या गाडीला घासतो, ते पण बघून ठेवा. महामार्ग ओलांडायची फेरी कुठलीच नको, म्हणजे वाढे फाट्याकडं नाही आणि बॉम्बे रेस्टॉरंटच्या पलीकडं नाही, कितीही मागणी आली तरी.

चार्जिंगचं लोक फार मोठं करतात. रात्रभर पाण्याची बॅटरी आठ-दहा तास घेते, त्याला मोठं स्टेशन लागत नाही, छपराखाली १५ अँपिअरचे पॉइंट, चांगलं अर्थिंग, आणि पाण्याच्या बॅटरीतनं गॅस निघतो म्हणून हवा खेळती. लिथियम घेतली तर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पण भरता येते, महाग पडते पण जास्त वर्षं जाते. मी असतो तर चढाच्या गावात लिथियमच घेतली असती, कारण तिचं वजन कमी, आणि शेवटपर्यंत जोर जवळजवळ तसाच राहतो, पाण्याच्या बॅटरीसारखी संध्याकाळी मान टाकत नाही.

आणि एक, प्रस्तावात फलटणचं नाव जरूर घाला. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी आधी सायकल रिक्षा सुधारली, मग तिला मोटरची मदत दिली, आणि मग पूर्ण बॅटरीवर चालणारी ‘इलेक्शा’ केली, दिल्लीच्या रस्त्यांवर ई-रिक्षांचा लोंढा यायच्या कितीतरी आधी. आपल्याच जिल्ह्यात हे काम झालं आणि आपण व्हिडिओ बघतोय जॉर्जियाचा.

प्रश्न: मी बावीस वर्षं रिक्षा चालवतो. तुम्ही पेपरात लिहून मोकळे, नगरपालिकेनं कार्ट आणल्या तर आमच्या पोटाचं काय?

दादा, राग समजू शकतो. कार्ट आणायच्या आणि ड्रायव्हर बाहेरनं ठेकेदाराचे आणायचे असं झालं तर मी पण तुमच्याबरोबर निवेदन द्यायला येईन. माथेरानचं बघा, तिथं गाड्यांना बंदी, पिढ्यान्‌पिढ्या माणसं हातरिक्षा ओढत होती. सुप्रीम कोर्टानं परवानगी दिल्यावर डिसेंबर २०२२ ला ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टानं सांगितलं की माणसानं माणसाला ओढणं सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांनाच गुजरातच्या केवडियासारख्या योजनेनं ई-रिक्षा द्या. गाडी कुणाच्या हातात द्यायची हे सुरुवातीलाच लिहून घ्यायला लागतं, मागनं भांडून मिळत नाही.

तुमच्या धंद्याचं म्हणाल तर स्टँडपासनं गोडोली, करंजे ही लांबची भाडी कार्ट घेणारच नाही, तिचा वेगच तेवढा नाही. ती खाणार बोळातली छोटी भाडी, जी तुम्ही तसंही ‘एवढ्याला कोण येतंय’ म्हणून नाकारता. खोटं बोलतोय का? संघटनेनं स्वतःच पुढं होऊन त्या फेरीवर आपल्यातलेच दहा जण मागितले पाहिजेत, ज्यांची गाडी जुनी झालीय, कंबर गेलीय, त्यांना सावकाश गाडी बरी. एक मात्र बघा, पाण्याच्या बॅटरीचा संच रोज खाली करून वापरला की वर्ष-दीड वर्षात बदलायला येतो, त्याचे पैसे रोजच्या रोज बाजूला काढले नाहीत तर ई-रिक्षा घरासमोर उभी राहते आणि तिच्यावर कोंबड्या बसतात.

प्रश्न: सांगलीत गणपती पेठेत किराणा-मसाल्याचं दुकान आहे. मार्केट यार्डातनं माल आणायला बॅटरीची छोटी गाडी कशी?

तुमचं नशीब बघा, सांगली सपाट! सातारकरांनी जळावं असं. कृष्णाकाठच्या गावाला ही गाडी शोभते, पाऊण किलोवॅटमध्ये काम होतं. मालाच्या ई-कार्टला, म्हणजे ई-रिक्षासारख्याच मालाच्या तीन चाकीला, नियमानं ३१० किलोपर्यंत माल, म्हणजे साठ किलोची पाच पोती, त्यापेक्षा जास्त नेहमी लागत असेल तर मोठी तीन चाकी इलेक्ट्रिक मालवाहू घ्या, तिचा वेग पण जास्त. कारण सांगली-मिरज रस्त्यावर विश्रामबागच्या पुढं २५ च्या गाडीनं जाणं म्हणजे मागच्या वडापवाल्याच्या शिव्या खाणं, आणि शिव्यांवरच भागलं तर नशीब म्हणायचं.

पण सपाट गावाचं दुसरं दुखणं तुम्हाला मी काय सांगणार. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटाला गेलं की इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तुमची गाडी रात्री जिथं चार्जिंगला लागते तो पॉइंट दुकानाच्या तळाला आहे का वर आहे? तळाला असेल तर जुलै-ऑगस्टसाठी उंचावरची दुसरी जागा आत्ताच ठरवा, एखादा पाहुणा, एखादं गोडाऊन, आणि इशाऱ्याची पातळी आली की माल सोडून आधी गाडी हलवा, ती स्वतः चालत जाऊ शकते. बुडालेली लिथियम बॅटरी उन्हात वाळवून परत चार्जरला लावायची नाही, बाहेरनं कोरडी दिसली तरी आत काय झालंय ते कळत नाही आणि पेट घेऊ शकते.

प्रश्न: अजिंक्यताऱ्यावर आणि कासला कार्ट ठेवल्या तर?

अजिंक्यताऱ्याला नको, सलग चढ, येताना सलग उतार, मोटर तापणार आणि खाली येताना ब्रेक लायनरचा वास येणार. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी ताकदीची, चार चाकांना ब्रेक असलेली छोटी इलेक्ट्रिक बस ठेवा.

कासला घाट चढून जायचं काम कार्टचं नाहीच. पण वर पोचल्यावर पार्किंगपासनं फुलांच्या गेटपर्यंत न्यायला चालेल, ताजमहालला गाड्या लांब ठेवून पुढं बॅटरीच्या गाड्यांनी नेतात तसं. जागतिक वारशाची जागा आहे, धूर आणि हॉर्न जेवढा लांब तेवढं बरं. फक्त फुलांचा हंगाम म्हणजे पाऊस, धुकं आणि आडवा वारा, तेव्हा उघडी गोल्फ कार्ट आणून उपयोग नाही, बाजूचे पडदे, वायपर आणि धुक्यात दिसेल असा मागचा लाल दिवा हे ऑर्डर देतानाच लिहून घ्या. आणि चिखल भरलेले बूट घेऊन माणसं चढणार, तर फरशीला भोकं पाडलेली असू द्या, पाणी खाली जायला.